सिंकखालचा बॉटल ट्रॅप कसा बसवायचा?

बॉटल ट्रॅपच्या तळाशी कायम थोडं पाणी साचून राहतं. गटाराचा वास आणि झुरळं अडवतं ते हेच पाणी. नुसता लवचिक पाईप सरळ खाली सोडला की हा अडसर जातो. त्यामुळे ट्रॅप टाळून पैसे वाचवू नका.

आधी पाईपवर नट चढवा, मग रबरी वायसर. वायसर निमुळता असेल तर निमुळती बाजू सांध्याकडे. नट हातानेच आवळा; पान्याने जोर लावला तर प्लॅस्टिकचे आटे जातात. दुकानदार टेफलॉन टेप देईलच, पण इथे पाणी वायसर अडवतो, टेप नाही.

शेवटी सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा. मोबाईलचा टॉर्च लावून प्रत्येक सांध्यावर कोरडा टिश्यू फिरवा. नुसता नळ सोडून बारीक गळती कळेलच असं नाही.