शिक्का, मोर्तब आणि किल्ली

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळला फाटा फुटतो आणि आपण भोरकडे वळतो. भोर हे पंतसचिवांचे संस्थान. १९४८ साली ते विलीन झाले. संस्थानिक म्हणून सचिवांची आठवण असते. पण सचिव हे मुळात कागद तपासणाऱ्याचे पद, हे सहसा ध्यानात येत नाही. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ते अण्णाजी दत्तो यांच्याकडे होते. पुढे राजाराम महाराजांच्या काळात ते शंकराजी नारायण यांच्याकडे आले आणि भोरचे घराणे उभे राहिले. राजपत्रात काही कमीजास्त झाले आहे काय हे पाहून मजकूर शुद्ध करणे, हे सचिवाचे काम.

पत्राच्या माथ्यावर शिक्का उमटे, अखेरीस मोर्तब. शिक्का सांगे, पत्र कोणाचे. मोर्तब सांगे, मजकूर इथे संपला, यापुढे कोणी भर घालू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आज आपण एकाच क्रियेसाठी वापरतो. परंतु त्यात दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

हा भेद आम्हांस उमगला तो मोडी पत्रांची लिप्यंतरे एका सामाईक संगणकीय भांडारात ठेवताना. एका विद्यार्थिनीने पकडलेली तारखेची चूक आम्हांस दुरुस्त करायची होती. पाठ वाचता येत होते. दुरुस्ती पाठवली की नकार येई.

तेथील प्रवेश एसएसएच पद्धतीचा. जाळ्यावरून जाणारे परवलीचे शब्द चोरले गेल्यावर हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू इलोनेन यांनी १९९५ साली ती रचली. किल्ल्यांची जोडी असते: खाजगी आपल्यापाशी, सार्वजनिक पलीकडे नोंदलेली. खाजगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने पडताळतात. खाजगी किल्ली आपले यंत्र सोडून जात नाही. शिक्का मात्र प्रत्यक्ष हाताळावा लागे आणि ज्याच्या हाती पडेल त्याचा होई. खाजगी किल्लीही चोरीस गेली तर तोच धोका. म्हणून हरवलेल्या किल्लीची नोंद तत्काळ रद्द करावी.

दोन दिवस आम्ही नव्या किल्ल्या घडवत राहिलो. अखेर नुसती जोडणी तपासणारी आज्ञा दिली, तेव्हा भांडाराने आम्हांस नावानिशी ओळखले. ओळख पटली नसती, तर यंत्र योग्य किल्ली पुढे करते काय, ती फाइल इतरांना उघडी आहे काय, सार्वजनिक किल्ली नोंदली आहे काय, हे पाहणे रास्त होते. येथे ओळख पटली होती. आमचे नाव वाचकांच्या यादीत होते. लिहिण्याचा अधिकार दिलेलाच नव्हता. व्यवस्थापकांस विनंती करताच तो मिळाला.

नकाराचा राग त्यानंतर ओसरला. जुन्या पोथ्यांतले प्रक्षेप वेगळे काढताना पाठचिकित्सकांचे आयुष्य सरते, कारण कोणी, कोणत्या अधिकाराने भर घातली याची नोंद नसते. आता त्या पत्राची तारीख शुद्ध झाली आहे आणि ती कोणी बदलली, हेही शेजारी नोंदले गेले आहे.