वेळ साठवणारी पेटी

२५ जानेवारी १९८७. वार रविवार. त्या सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले आणि पुढचे दीड वर्ष रविवारची सकाळ पहिल्यासारखी राहिली नाही. आमच्या हुपरीत ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी अर्धी गल्ली जमायची. दारात चपलांचा ढीग, आत दाटीवाटीने बसलेली माणसे, आणि एरवी पहाटेपासून टकटकणाऱ्या हातोड्या तेवढा वेळ मुक्या. ज्याला उशीर झाला त्याचा भाग बुडाला! बुडालेला भाग मग शेजारणीच्या तोंडून ऐकायचा, तोही तिच्या तिखटमिठासह.

श्रोतेहो, हा ‘बुडणे’ शब्द जरा ध्यानात ठेवा. शाळा बुडते, मजुरी बुडते, तसा कार्यक्रम बुडतो. आज मी जी हकिकत सांगणार आहे, ती एका अर्थी या एका शब्दाचीच हकिकत आहे.

हुपरी हे चांदीचे गाव. हातकणंगले तालुक्यातल्या या गावचे पैंजण देशभर जातात. पण हा धंदा एखाद्या मोठ्या कारखान्याच्या छपराखाली चालत नाही. तो घराघरांतून चालतो. कुणी तार ओढतो, कुणी कड्या गुंफतो, कुणी डाख देतो, कुणी घुंगरू लावतो. यातले पुष्कळसे काम बायका करतात, आणि तेही चूल, पाणी, पोरेबाळे सांभाळून. मजुरी कामाच्या मापाने मिळते. म्हणजे हात थांबला की पैसा थांबला.

अशा घरात रेडिओ फार लवकर रुळला. १९६३ साली आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले आणि या भागाला जवळचा आवाज मिळाला. रेडिओ कानांना बोलावतो. हात आणि डोळे मोकळे ठेवतो. कडी गुंफता गुंफता गाणे ऐकता येते. टेलिव्हिजनचे तसे नाही. त्याला डोळे लागतात, आणि डोळे तर कडीवर हवेत! डाख देताना नजर पडद्याकडे गेली तर बोट भाजते. तेव्हा टेलिव्हिजन पाहायचा म्हणजे काम ठेवून बसायचे. मग प्रश्न असा, की घरात काम ठेवून बसता कुणाला येते? ज्यांचे हात सर्वांत जास्त गुंतलेले, त्यांचेच भाग सर्वांत जास्त बुडत. ते कुणाचे, हे मी सांगायला नको.

आता थोडे मागे जाऊ. कार्यक्रम साठवून ठेवण्याची विद्या प्रेक्षकांसाठी जन्मली नव्हती. ती जन्मली प्रक्षेपण करणाऱ्यांच्या सोयीसाठी. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि लॉस एंजलिस यांच्या घड्याळांत तीन तासांचा फरक. एकच कार्यक्रम दोन्हीकडे सोयीच्या वेळी दाखवायचा कसा? १९५६ च्या एप्रिलमध्ये अँपेक्स कंपनीने चित्र फितीवर टिपणारे यंत्र शिकागोत दाखवले, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसने त्यावरून बातम्या दाखवल्या. हे यंत्र घरात यायला पुढे वीसएक वर्षे लागली. १९७५ साली सोनीचे बीटामॅक्स आले, १९७६ साली जेव्हीसीचे व्हीएचएस. तेव्हा चित्रपट कंपन्यांनी कोर्टात धाव घेतली. घरी बसून कार्यक्रम टिपून घेणे ही चोरी की काय, असा वाद होता. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की सवडीने पाहण्यासाठी घरी केलेले रेकॉर्डिंग हा गुन्हा नाही. वेळेची मालकी कुणाची, हा वाद इतक्या वर जाऊन पोचला होता!

आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत संच आले आणि पाठोपाठ व्हीसीआरही पसरला. पण आपण त्याचा उपयोग निराळाच केला. रंगीत संच आणि व्हीसीआर एका रात्रीपुरते भाड्याने आणायचे आणि तीन तीन सिनेमे पाहून उजाडायला घरी जायचे. कार्यक्रम टिपून ठेवणे क्वचितच. फीत महाग, आणि शिवाय तिला एक खोड होती. एका वेळी एकतर टिपा, नाहीतर पाहा.

ही खोड डिजिटल यंत्राने मोडली. १९९९ साली अमेरिकेत टिव्हो आणि रिप्लेटीव्ही ही यंत्रे बाजारात आली. त्यांत फितीऐवजी संगणकातली फिरती चकती. चित्र आणि आवाज यांचे आकडे करून ते चकतीवर लिहायचे. चकतीची सुई एका जागी लिहिते आणि लगोलग दुसऱ्या जागचे वाचते. म्हणून चालू कार्यक्रम मध्येच थांबवता येतो. आपण थांबतो, यंत्र लिहीतच राहते. परत बसलो की जिथे सोडले तिथून पुढे चालू.

भारतात घरावरच्या छत्रीबरोबर ही सोय आली. टाटा स्कायची सेवा २००६ ची, आणि तिची रेकॉर्डिंगची पेटी २००८ ची. ही पेटी महाग होती. पण पुढे इतर काही साध्या पेट्यांच्या पाठीमागे पेनड्राईव्ह खोचूनही तेच काम होऊ लागले. मराठी वाहिन्या तोवर घराघरांत पोचल्या होत्या. अल्फा मराठी १९९९ ची, ई टीव्ही मराठी २००० ची. मालिकांची ऐन वेळ संध्याकाळी सात ते दहा, म्हणजे नेमकी भाकऱ्यांची! दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवत खरे, पण ती वेळही वाहिनीनेच ठरवलेली. आता पहिल्यांदाच घरातून आवाज आला, “अगं, तेवढं थांबीव की! दूध उतू चाललंय.” आणि मालिका खरोखर थांबली. ज्या बाईसाठी घरात आजवर काहीच थांबले नव्हते, तिच्यासाठी निदान पडदा तरी थांबला. ही गोष्ट लहान समजू नका.

अर्थात गंमतही होतीच. त्या वर्षांत भारनियमनाचा जोर. वीज गेली की पेटीही झोपली! साठवायचे ठरवलेले बुडालेच. क्रिकेटचे तर आणखी वेगळे. निकाल कळलेला सामना म्हणजे शिळी भाकरी; तो ताजाच हवा. मात्र २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर धोनीने मारलेला तो षटकार, तो मागे नेऊन नेऊन पाहण्याचे सुख या पेटीनेच दिले.

सर्वांत पंचाईत झाली जाहिरातदारांची. साठवलेल्या कार्यक्रमात जाहिरात आली की बोट बटणावर. मग कोण काय आणि केव्हा पाहतो याची मोजदादही बदलावी लागली. २०१५ पासून बार्क ही संस्था आवाजात दडवलेल्या, कानाला न कळणाऱ्या खुणेवरून वाहिनी ओळखते. त्या खुणेत वेळही नोंदलेली असते.

पण पेटीचे राज्य फार टिकले नाही. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट आले आणि मालिका मोबाइलवर कधीही दिसू लागल्या. आता साठवण घरात नाही, दूर कुठेतरी कंपनीच्या यंत्रात आहे. तिथे पुष्कळ जाहिराती ओलांडता येत नाहीत, आणि कंपनीने एखादा कार्यक्रम काढून टाकला तर आपल्या हाती काही उरत नाही. वेळ आपली झाली, पण किल्ली पुन्हा दुसऱ्याच्या कमरेला!

आणि ती गल्ली? २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले. हवे तेव्हा पाहण्याची सोय असताना लोक ठरल्या वेळी संचापुढे बसले. दारात चपलांचा ढीग मात्र नव्हता, येणार कोण? त्या दिवसांत कळले, की पूर्वी आपण नुसता कार्यक्रम पाहत नव्हतो, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसत होतो.

म्हणून जुने तेच बरे, असे मी म्हणणार नाही. त्या मांडीला मांडी लावून बसलेल्यांत स्वयंपाकघरातली बाई नव्हती, हे विसरून चालणार नाही. तिला वेळ मिळाली, हे चांगलेच झाले. आता आठवड्यातला एखादा तास घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावा, तिच्या सोयीने ठरवावा, आणि तो मात्र कुणी बुडवू नये.