दोन भाषा बोलल्याने मेंदू तल्लख होतो का? हैदराबादच्या ६४८ रुग्णांवरून काय कळलं?

'दोन भाषा येणाऱ्यांचा मेंदू जास्त तल्लख असतो' अशी पोस्ट दर काही महिन्यांनी फिरत असते. याच्या बरोबर उलटा सल्लाही तितकाच ऐकू येतो, "मुलाला इंग्रजी शाळेत घातलंय ना, मग घरात मराठी नको, गोंधळेल तो." या दोन्ही समजुतींना संशोधनाचा थोडाफार आधार होता. पण थोडाफारच.

गोंधळाची भीती शंभर वर्षं जुनी आहे. १९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या शाळकरी मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्यांचे निकाल छापले. त्यात खेड्यांतली वेल्श आणि इंग्रजी बोलणारी मुलं फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मागे पडलेली दिसली. घरची परिस्थिती, चाचणी कोणत्या भाषेत घेतली, या गोष्टींचा हिशेब त्या काळी नीट केला जात नसे. पण 'दोन भाषा म्हणजे मेंदूवर ओझं' हे मात्र पक्कं झालं.

१९६२ मध्ये पारडं फिरलं. माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी सारख्या आर्थिक स्तरातली दहा वर्षांची मुलं घेतली, तर फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुलं पुढे निघाली. अर्थात, त्यांनी दोन्ही भाषा उत्तम येणारीच मुलं निवडली होती, त्यामुळे हुशार मुलंच जास्त निवडली गेली असतील ही शंका राहतेच.

मेंदूत नेमकं काय होतं?

आपल्याला वाटतं, मराठी बोलताना हिंदीचा दिवा बंद असतो. तसं नसतं. दोन्ही भाषा कायम चालू असतात. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड आणि हिंदीत शिक्षण. 'चेष्टा' मराठीत थट्टा, तर हिंदीत प्रयत्न. दोन्ही भाषा येणाऱ्याला समोरचा कोणती भाषा बोलतोय ते पाहून एक अर्थ पुढे आणावा आणि दुसरा दाबावा लागतो. १९९०च्या दशकात मायकेल स्पायव्ही आणि व्हायोरिका मारियन यांनी रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांच्या नजरेचा माग काढला. रशियन भाषेत 'मार्का' म्हणजे तिकीट उचलायला सांगितलं, तर त्यांची नजर शेजारी पडलेल्या मार्कर पेनाकडेही वळत होती. सूचना पूर्णपणे रशियनमध्ये होती, तरी इंग्रजी जागीच होती.

यावरून टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या एलन बिॲलिस्टॉक आणि इतरांनी पुढचा विचार मांडला. एक भाषा दाबण्याचा हा सराव दिवसभर चालतो, तर लक्ष एकाग्र करणं, नको ते बाजूला सारणं यातही माणूस तरबेज होत असेल. सुरुवातीच्या प्रयोगांत तसं दिसलंही आणि बातम्यांचे मथळे सजले.

पुढे तेच प्रयोग मोठ्या संख्येवर झाले आणि फरक विरघळत गेला. २०१५ मध्ये ॲन्जेला डी ब्रुईन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फायदा दाखवणारे अभ्यास छापून येण्याची शक्यता जास्त होती, बाकीचे बरेचसे कपाटातच राहिले. २०१८ मध्ये १५२ अभ्यास एकत्र तपासून, ही छपाईतली झुकती बाजू वजा केल्यावर, प्रौढांमध्ये फायद्याचा ठोस पुरावा उरला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत ९ ते १० वर्षांच्या साडेचार हजार मुलांवरच्या अभ्यासातही तेच. थोडक्यात, रोजच्या विचारशक्तीत 'सुपरपॉवर' वगैरे काही नाही.

मग हैदराबादचं काय?

म्हातारपणाची गोष्ट वेगळी निघाली. बिॲलिस्टॉक यांना २००७ मध्ये टोरांटोच्या रुग्णांत दिसलं होतं की दोन भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, सुमारे ४ वर्षं उशिरा गाठतो. पण तिथले दोन भाषावाले बरेचसे स्थलांतरित. फरक भाषेमुळे की स्थलांतरामुळे, हे कसं ठरवायचं?

हैदराबादेत हा घोळ नव्हता. तिथे तेलुगू, दख्खनी, हिंदी आणि इंग्रजी एकाच गल्लीत ऐकू येतात, आणि दुसरी भाषा शिकायला कुणाला देश सोडावा लागत नाही. तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधल्या डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाचे ६४८ रुग्ण तपासले. त्यातले ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आला. एकभाषिकांना आजार सरासरी ६१.१ व्या वर्षी सुरू झाला होता, तर इतरांना ६५.६ व्या वर्षी. साडेचार वर्षांचा फरक, आणि शिक्षण, व्यवसाय, शहर-खेडं यांचा हिशेब करूनही तो टिकला. कधी शाळेची पायरी न चढलेल्यांतही तो दिसला, म्हणजे हा नुसता शिक्षणाचा परिणाम नव्हता. तिसरी-चौथी भाषा येत असण्याचा मात्र जादा फायदा दिसला नाही.

२०१६ मध्ये याच गटाने पक्षाघाताचे ६०८ रुग्ण पाहिले. झटक्यानंतर विचारशक्ती शाबूत राहिलेले द्विभाषिक ४०.५ टक्के, तर एकभाषिक १९.६ टक्के. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोन्हींत जवळपास सारखंच.

याचा अर्थ भाषा आजार रोखते असा नाही. मेंदूची झीज होतच असते. पण आयुष्यभराच्या वापराने पर्यायी वाटा तयार झालेल्या असतील तर मेंदू त्या झिजेसह जास्त काळ काम निभावतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. शिवाय हे आकडे रुग्णालयात पोचलेल्यांचे आहेत. निरोगी लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून केलेल्या अभ्यासांत हा फायदा दर वेळी दिसलेला नाही, म्हणून वाद अजून चालू आहे.

आणि मुलांचं?

दोन भाषांत वाढणारी मुलं बोलायला साधारण त्याच वयात लागतात. एकेका भाषेतले शब्द मोजले तर थोडे कमी भरतात, दोन्ही मिळून मोजले तर भरपाई होते. "आई, मला तो रेड बॉल दे" हा गोंधळ नसतो. जो शब्द आधी सापडला तो मूल वापरतं, मोठी माणसं ऑफिसात हेच करतात. मूल खरंच उशिरा बोलत असेल तर कानांची तपासणी आणि वाचा-उपचारतज्ज्ञ गाठावा. घरातली मराठी बंद केल्याने मूल लवकर बोलू लागतं, याला आधार नाही. उलट आजी-आजोबांशी होणारं त्याचं बोलणं मात्र तुटतं.