२९ जूनचे पत्र

रत्नागिरी जिल्ह्यात (त्या काळी आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही त्यातच होता) विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते, म्हणजे सरकारच्या परवानगीवाचून त्यांना जिल्ह्याची हद्द ओलांडता येत नव्हती. त्याआधी कैदेत असताना मार्सेल्सला बोटीतून त्यांनी समुद्रात घेतलेली उडी मराठी वाचकाला पाठ असते. त्या उडीच्या नऊ दिवस आधी लंडनहून पॅरिसला गेलेल्या पत्राकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

२९ जून १९१० रोजी लंडनच्या पोलीस प्रमुखांनी फ्रान्सच्या ‘स्यूरते जनेराल’ या पोलीस खात्याच्या संचालकांना कळविले की, खुनाला साहाय्य केल्याच्या व अन्य आरोपांवरून सावरकर यांना हिंदुस्थानात पाठविले जात असून त्यांची ‘मोरिया’ बोट ७ किंवा ८ जुलैला मार्सेल्सला लागेल. पोलीस प्रमुखपदी तेव्हा एडवर्ड हेन्री होते. बंगालच्या पोलीस सेवेत असताना बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धत रूढ करणारे ते हेच. ४ जुलैला फ्रेंच गृहखात्याने स्थानिक प्रीफेक्टला, म्हणजे प्रांताधिकाऱ्याला, तार केली आणि युरोपातील हिंदी क्रांतिकारक कैद्याला पळवू पाहतील, हा संशयही तीत घातला. नाव, आरोप, बोट, तारीख आणि साथीदारांविषयीची शंका असा एका माणसाचा तपशील दोन सरकारांत फिरला. ज्याच्याविषयी तो होता, त्याला मात्र त्यावर काही म्हणण्याची सोय नव्हती.

८ जुलैच्या सकाळी पोहत धक्क्यावर आलेल्या सावरकरांना फ्रेंच जेंडार्मने, म्हणजे सशस्त्र पोलिसाने, धरून बोटीवर परत नेले, तेव्हा प्रत्यर्पणाची, म्हणजे रीतसर मागणी करून आरोपी ताब्यात घेण्याची, कोणतीही प्रक्रिया झाली नाही. फ्रान्सने कैदी परत मागितला आणि वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवादाने त्या अटकेत अनियमितता मान्य केली. परंतु फसवणूक वा बळजबरी झालेली नसून उभय पोलिसांत आधीच पत्रव्यवहार झालेला होता, हे लक्षात घेऊन कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असे ठरविले. हा निर्णय अन्यायाचा होता, कारण ज्या पत्राची वैधता आधी तपासायला हवी होती, तेच पत्र सहकार्याचा पुरावा ठरले.

आज दोन देशांच्या पोलिसांमधील अशा माहितीची देवाणघेवाण परस्पर कायदेशीर साहाय्याच्या करारांमधून आणि इंटरपोलमार्फत चालते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कलम १६ माहिती परदेशी पाठविण्याबाबत आहे. मात्र गुन्ह्याचा प्रतिबंध, तपास वा खटला यांसाठी माहिती वापरली जात असल्यास तेच कलम आणि व्यक्तीचे बहुतेक हक्क कलम १७ अन्वये लागू होत नाहीत. ही सूट इतकी मोकळी ठेवणे योग्य नाही; कोणती माहिती कोणत्या देशाला आणि कोणाच्या आदेशाने गेली याची नोंद ठेवण्याचे व ती न्यायालयाला दाखविण्याचे बंधन संसदेने घालावे.