पडवीतली खाट आणि म्हापशाचे आझिलो

गोव्याच्या सीमेलगतच्या दोडामार्गातले म्हातारे माणूस आजारी पडले की अजूनही घरात कुणीतरी म्हणते, 'आझिलोत न्या.' म्हणजे म्हापशाच्या सरकारी इस्पितळात. इस्पितळ नव्या इमारतीत गेले, पाटीवर उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय असे नाव आले, तरी जुन्या तोंडी आझिलोच राहिले. या पोर्तुगीज शब्दाचा मूळ अर्थ इस्पितळ नव्हे, निराधारांचे आश्रयस्थान.

शब्द सीमा ओलांडून आला, त्यामागची सोय मात्र पलीकडेच राहिली. लिस्बनमध्ये 1498 साली दीनदुबळ्यांसाठी 'सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया' ही धर्मसंस्था निघाली आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच ती गोव्यात पोहोचली. 1947 मध्ये पोर्तुगीज सरकारने सार्वजनिक साहाय्यासाठी प्रोव्हेदोरिया स्थापन केली. 19 डिसेंबर 1961 ला राज्य बदलले, प्रोव्हेदोरिया टिकली. आजही ती वृद्धाश्रम चालवते.

सीमेच्या अलीकडे, सावंतवाडी संस्थानाच्या मुलखात, म्हातारपणाची सोय म्हणजे पडवीतली खाट. तिथून अंगण दिसते, तुळस दिसते, वाटेने कोण गेले ते कळते. सकाळी उकड्या तांदळाची पेज, जोडीला लोणचे. अंथरूण धरले की खाट माजघरात यायची. यात कुणाला पगार नव्हता आणि कुणाला सुट्टीही नव्हती. उठवणे, न्हाऊ घालणे, रात्री कूस बदलणे हे सगळे सुनेच्या वाट्याला. तिची पाठ दुखते का, हे विचारायची रीत नव्हती.

ही व्यवस्था खिळखिळी केली ती मुंबईने. गिरण्यांनी कोकणातला तरुण ओढून नेला, पाठोपाठ संसारही गेले. गावात मनीऑर्डर येत राहिली. पोस्टमन पैसे मोजून देई, पण पाणी तापवायला माणूस लागतो. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, काही चाकरमानी परतले. पण मुलांची बिऱ्हाडे शहरातच रुजली होती. मोठ्या घरात दोन म्हातारी माणसे आणि मग एकच, असे चित्र वाडीवाडीत दिसू लागले.

सरकार या प्रश्नाकडे सावकाश वळले. महाराष्ट्रात 1995 मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. 2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा राज्यात 1 मार्च 2009 पासून लागू झाला. मुलांकडून निर्वाह भत्ता मागायची सोय त्यात आहे आणि जिल्ह्यात किमान एक, निदान दीडशे गरीब वृद्ध राहतील असा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूदही आहे. सांभाळाच्या अटीवर जमीन मुलाच्या नावे केली आणि त्याने अट पाळली नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. कोकणात जिथे दहा गुंठ्यांवरून भावकी फुटते, तिथे हे कलम बरेच बोलके आहे.

दोडामार्ग तालुका झाला 1999 मध्ये, सावंतवाडीतून वेगळा होऊन. कचेऱ्या आल्या, मोठ्या आजाराला बांबोळीच मात्र कायम. 2018 च्या आरंभी तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजात परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागले, तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. सिंधुदुर्गातच सांभाळाची एक जागा आहे कुडाळ तालुक्यात: पणदूरला संदीप परब यांच्या जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम आहे. रस्त्यावर सापडलेल्या निराधारांना तिथे आसरा मिळतो.

पैसे मोजून राहायच्या छोट्या निवासांची रीत त्याहून वेगळी. दहा-पंधरा माणसे, एक स्वयंपाकीण, दोन पाळ्यांत काम करणाऱ्या मावश्या. सोमवार ते रविवार असे खण असलेला गोळ्यांचा डबा, न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा, आणि अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलल्याची वहीत नोंद, कारण एकाच कुशीवर पडून राहिले की अंगाला जखमा होतात.

चतुर्थी जवळ आली की मुंबईहून मुलाचा फोन येतो: 'आईला पाच दिवस घरी नेतो.' मावशी पिशवी भरून देते. तिच्यात एक कागद असतो: कोणती गोळी जेवणाआधी, रात्री कितीदा कूस बदलायची, पेज किती पातळ. घरी गेल्यावर मुलगा कागद भिंतीला चिकटवतो, पडवीतली खाट झाडून घेतो.