डाग गेला, ओढणीही गेली

परवा नातीने पलंगावर बसून नखं रंगवली आणि बाटली लवंडली. चादरीवर लालभडक डाग! "आजी, काही उपाय आहे का गं?" उपाय आहे. पण रिमूव्हरची बाटली उघडली की त्या वासासरशी मला १९७९ सालचं स्नेहसंमेलन आठवतं.

तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवत होते. पडद्यामागे नाचाच्या मुलींची तयारी चालली होती. आठवीतल्या एका मुलीच्या ओढणीवर नेलपॉलिशचे थेंब पडले. ओढणी तिच्या मोठ्या बहिणीची, गुळगुळीत, चकचकीत. पोरगी रडकुंडीला आली. मी मोठ्या ऐटीत कापसावर रिमूव्हर घेतलं आणि डाग चोळला. डाग गेला आणि त्याच्याबरोबर कापडही गेलं! रुपयाएवढं भोक, कडा चिकट.

"बाई, आता ताईला काय सांगू?" तिनं विचारलं. मी काय म्हणाले असेन? "कशाला आणायची दुसऱ्याची वस्तू?" चूक माझी आणि बोलणी तिला. पुढच्या वर्षी ती नाचात नव्हती.

आमच्या विज्ञानाच्या सरांनी भोक पाहून एवढंच सांगितलं, "अहो बाई, हे अ‍ॅसिटेटचं कापड." आम्ही पडलो मराठीवाले. त्या वाक्याचा अर्थ मी निवृत्तीनंतर वाचून काढला, आणि थक्क झाले.

गोष्ट सुरू होते स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात. तिथल्या शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये एक नवा स्फोटक कापूस जगापुढे आणला. सांगतात ते असं, की घरात प्रयोग करताना त्याच्या हातून आम्ल सांडलं, ते त्याने बायकोच्या सुती अ‍ॅप्रनने पुसलं, अ‍ॅप्रन शेगडीजवळ वाळत घातला आणि तो भप्पकन जळून गेला. खरंखोटं देव जाणे, पण कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात बुडवला की त्याचं नायट्रोसेल्युलोज होतं, हे खरं. त्याचाच सौम्य प्रकार द्रावकात विरघळवला की वाळल्यावर चकचकीत पापुद्रा उरतो. १९२० नंतरच्या दशकात मोटारींना असा रंग देऊ लागले. नखांवरचा रंग त्याच घराण्यातला. रेव्हलॉन कंपनी १९३२ मध्ये अमेरिकेत निघाली ती नेलपॉलिशवरच. आपल्याकडे टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली.

म्हणजे नेलपॉलिशचा डाग हा एका अर्थी बंदुकीच्या दारूचा चुलतभाऊ! आणि तो काढणारं अ‍ॅसिटोनही त्याच गोतावळ्यातलं. पहिल्या महायुद्धात तोफांना लागणारं कॉर्डाइट बनवायला ब्रिटनला अ‍ॅसिटोन हवं होतं आणि ते पुरेना. मँचेस्टरला शिकवणाऱ्या खाइम वाइझमन यांनी जिवाणूंकडून पिष्टमय पदार्थ आंबवून ते मिळवण्याची रीत काढली. हेच वाइझमन १९४९ मध्ये इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. आधी मका वापरत, पण धान्याची चणचण झाली तेव्हा १९१७ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना हॉर्स चेस्टनटच्या बिया गोळा करायला लावलं. कशासाठी, ते मुलांना सांगितलं नव्हतं. मास्तरीण असल्यामुळे मला हे वाचून कसंसंच झालं. त्याच काळात आपल्या नाशिकलाही अ‍ॅसिटोनचा कारखाना उभारला गेला.

आता ओढणीकडे येते. ड्रेफस बंधू, तेही बाझलचेच. युद्धात विमानांच्या पंखांवरच्या कापडाला सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा लेप देत आणि तो लेप हे बंधू इंग्लंडमध्ये बनवत. युद्ध संपलं, मागणी गेली. मग त्यांनी तेच द्रावण बारीक छिद्रांतून काढून त्याचा रेशमासारखा धागा केला. आणि ते द्रावण कशातलं? अ‍ॅसिटोनमधलं! ज्या द्रवातून तो धागा जन्मतो, त्याच द्रवात मी त्याला परत बुडवलं होतं. तो विरघळणार नाही तर काय?

तेव्हा लक्षात ठेवा. आधी कापडावरचं लेबल वाचा. अ‍ॅसिटेट किंवा ट्रायअ‍ॅसिटेट असेल तर अ‍ॅसिटोनची बाटली उघडूच नका. लेबल नसेल तर आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून पाहा. सुती कापड अ‍ॅसिटोनला दाद देत नाही, पण कच्चा रंग उतरू शकतो. रेशमावर जपून. डागाखाली जुनं पांढरं फडकं ठेवा, उलट्या बाजूने कापसाने टिपत राहा, चोळू नका, चोळलं की डाग पसरतो. फडकं बदलत राहा, शेवटी साबणाने धुवा. खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस किंवा निरांजन नको, कारण अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं.

नातीची चादर सुती होती, डाग गेला. ती म्हणाली, "आजी, तुला सगळं येतं!" मी तिला ओढणीची गोष्ट सांगितली. ती पटकन म्हणाली, "मग तू तिला सॉरी म्हणालीस का?"

नाही म्हणाले. ती मुलगी आता साठीच्या घरात असेल. तिच्या ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर तिला सांगा, चूक तिची नव्हती, बाईंची होती.