मानसोल्लासातील शिकारीचे मांस

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. सु. ११२६–३८) याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात (सु. ११२९) शिकार हा राजाचा विनोद (करमणूक), तर अन्न हा उपभोग मानला आहे. त्यातील ‘अन्नभोग’ प्रकरण मध्ययुगीन दख्खनच्या मांसपाककलेचे महत्त्वाचे साधन होय.

रानडुकराच्या कृतीत मांसाइतकेच लक्ष कातडीकडे आहे. पांढऱ्या कापडाने झाकलेल्या धडावर, केस हाताने उपटता येईपर्यंत कढत पाणी ओतायचे; किंवा माती लिंपून गवताच्या जाळावर केस जाळायचे. मग तुकडे निखाऱ्यावर भाजत किंवा पातळ पट्ट्या करून मसालेदार दह्यात घालत. नदीकाठच्या शेतातील काळे उंदीरही राजाच्या ताटात येत: तेलात तळून केस काढायचे, साफ करून आंबट पदार्थ व मीठ घालून शिजवायचे. आजच्या वाचकाला हे खटकेल, पण ग्रंथकाराला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही.

हिंग, मिरी, आले, सैंधव ही चवीची मुख्य साधने. मिरची अर्थातच नाही, ती पोर्तुगिजांनंतरची.

राजाचा विनोद असलेली ही शिकार आता मोकळी नाही: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवान्याविना रानडुकराची शिकार हा आज गुन्हा आहे.